सोसायटीच्या डीडमधलं मेस्युएज

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक जण आहे, तो दर रविवारी सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी जुन्यापुराण्या इंग्रजी शब्दांची यादी टाकतो. मला आवडते ती यादी, खोटं कशाला बोलू. ओव्हरमॉरो म्हणजे परवा. 1535 साली माइल्स कव्हरडेलनं बायबल इंग्रजीत छापलं त्यात हा शब्द आहे, पुढे इंग्रजीनं तो टाकून दिला आणि आता बिचाऱ्यांना 'द डे आफ्टर टुमॉरो' असं लांबलचक शेपूट लावावं लागतं, आपल्याकडे मात्र परवाही आहे आणि तेरवाही आहे. आता परवा म्हणजे गेलेला की येणारा हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही ते सोडा. अ‍ॅप्रिसिटी म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, हा 1623 सालच्या हेन्री कॉकरमच्या शब्दकोशात आहे, आणि गंमत अशी की त्या कोशाबाहेर हा शब्द कोणी फारसा वापरलेलाच दिसत नाही, म्हणजे बहुतेक कोशात जन्मला आणि कोशातच राहिला. ग्रोक म्हणजे दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून बसणं, आपल्यालाही वाढतील या आशेनं. यावर ग्रुपमध्ये कोणाकोणाची नावं आली ते सांगत नाही.

तर अशा शब्दांवर माझा अजिबात राग नाही. ऑक्सफर्डचा तो मोठा शब्दकोश, ज्याचा पहिला भाग 1884 ला आला आणि शेवटचा 1928 ला, त्यात एकदा शिरलेला शब्द बाहेर काढत नाहीत, मेला तर शेजारी एक छोटा खंजीर काढतात आणि तिथेच राहू देतात. मला ही पद्धत फार आवडते. 2017 मध्ये शशी थरूरांनी ट्वीटमध्ये फरॅगो, म्हणजे खिचडी, हा शब्द वापरला तेव्हा अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला होता, त्यातही वाईट काही नाही, फुकटची करमणूक होती आणि न समजल्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

माझा मुद्दा हाच आहे. न समजल्यामुळे बिघडतं कुठे?

अशाच एका रविवारी दुपारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. विषय कन्व्हेयन्सचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात 1963 चा मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा, कायदा आहे, त्याप्रमाणे सोसायटी रजिस्टर झाली की चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते, आणि किती जणांनी दिली ते तुमच्याच सोसायटीत विचारा. आमचं बरीच वर्षं रखडलेलं, शेवटी एकदाचा डीडचा, म्हणजे हस्तांतराच्या दस्ताचा, ड्राफ्ट आला, चोपन्न पानी, आणि सेक्रेटरींनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड ऑर ग्राउंड टुगेदर विथ द मेसेजेस, टेनेमेंट्स ऑर ड्वेलिंग हाऊसेस स्टँडिंग देअरऑन, सिच्युएट लाइंग अँड बीइंग अ‍ॅट. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला. म्हणाले, पार्सल एक वेळ समजलं, पण जमिनीबरोबर मेसेज कसले देतोय बिल्डर? सगळे हसले. आणि मग कोणालाच सांगता येईना.

मी घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. तो मेसेज नव्हताच, तो होता मेस्युएज, उच्चार साधारण मेस्विज असा करतात. टायपिस्टच्या कॉम्प्युटरनं स्वतःच स्पेलिंग सुधारून मेसेज केलं, वकिलांनी वाचलं नाही, बिल्डरच्या वकिलांनी वाचलं नाही, कमिटीतल्या आम्ही सात जणांनी वाचून ओके म्हटलं. मेस्युएज म्हणजे राहतं घर, त्याची आऊटहाऊसं आणि लागून असलेलं अंगण-परसू. नॉर्मन लोक 1066 ला इंग्लंडमध्ये घुसले आणि त्यांच्या फ्रेंचमधून कायद्यात जे शेकडो शब्द आले त्यातला हा एक. म्हणजे बघा, नॉर्मंडीच्या सरदारांचा शब्द इंग्लंडला आला, तिथून जहाजानं मुंबईच्या सॉलिसिटरांकडे आला, तिथून कॉपी-पेस्ट होत होत आमच्या चार मजली इमारतीच्या डीडमध्ये आला, जिथे ना आऊटहाऊस आहे ना परसू, आहे ती एक पाण्याची टाकी आणि वॉचमनची केबिन.

आता कोणी म्हणेल चूक टायपिंगची आहे, भाषेला का झोडपताय. पण जो शब्द बदलून दुसराच झाला तरी एवढ्या वाचणाऱ्यांपैकी एकालाही खटकत नाही, तो शब्द त्या कागदावर नेमकं काय काम करत होता हे मला कोणी सांगावं.

या शब्दांना इतिहास मोठा आहे आणि वाचायला लागलं की मजा येते हे कबूल. इंडेंचर घ्या. आमच्या डीडचं पहिलंच वाक्य 'धिस इंडेंचर' असं सुरू होतं. पूर्वी एकाच चामड्यावर कराराच्या दोन प्रती लिहायच्या आणि मधून दातेरी कापायचं, पुढे भांडण झालं की दोन्ही तुकड्यांचे दात एकमेकांत बसतात का ते बघायचं, लॅटिनमध्ये दाताला जो शब्द आहे त्यावरून इंडेंचर. मजुरांना फिजी-मॉरिशसला नेलं तेही इंडेंचरवर, आणि तिथे अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट झालं, माणसं गिरमिटिया झाली. (आपल्या सुतारांचं गिरमिट वेगळं.) मॉर्गेज म्हणजे शब्दशः मेलेलं तारण. टाइम इम्मेमोरियल म्हणजे आपण म्हणू अनादी काळापासून, पण इंग्रजी कायद्यात त्याला चक्क तारीख आहे, 3 सप्टेंबर 1189, पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला तो दिवस, त्याच्या आधीचं ते सगळं आठवणीपलीकडचं. आणि डिमाइज! भाडेकराराच्या कागदात डिमाइज्ड प्रिमायसेस असतं. माझ्या आत्यानं दुकान भाड्यानं घेताना ते वाचलं आणि ती अडून बसली की ज्या जागेत कोणी गेलंय ती जागा मला नको. वास्तविक डिमाइजचा जुना अर्थ जागेचा हक्क दुसऱ्याला देणं असाच होता, राजा मेला की राज्य पुढच्याकडे जातं म्हणून राजाच्या मरणाला डिमाइज म्हणायला लागले आणि मग तो सगळ्यांच्याच मरणाला चिकटला. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, मग तसं लिहा ना, भाड्यानं दिलं म्हणून. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वकिलांकडे उत्तर असतं. त्यांचं म्हणणं असं की या शब्दांचे अर्थ शेकडो वर्षांच्या निकालांनी घासून पक्के झालेत, तुम्ही साधा शब्द टाकायला जाल आणि उद्या कोणीतरी त्या साध्या शब्दाचा वेगळा अर्थ काढून कोर्टात उभा राहील. हे म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. लीन (देणं फिटेपर्यंत मालमत्ता अडकवून ठेवायचा हक्क), ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारखा हक्क), एस्चीट हे शब्द मी काढा म्हणणार नाही. एस्चीट म्हणजे वारस कोणीच नसला की मिळकत सरकारकडे जाते ते, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 29 च्या वर तेच उपशीर्षक आहे. असे शब्द हत्यारासारखे आहेत, त्यांची जागा घ्यायला दुसरं चटकन मिळत नाही, फार तर शेजारी अर्थ लिहा.

पण मेस्युएज? हेरेडिटामेंट्स, म्हणजे वारसानं जाऊ शकणारी मिळकत? सिच्युएट लाइंग अँड बीइंग, म्हणजे वसलेली, पसरलेली आणि असलेली? हे हत्यार नाही हो, हे हारतुरे आहेत. आणि पुरावा कायद्यातच आहे. आपला ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट 1882 चा, त्याचं कलम 8 काढून बघा. त्यात म्हटलंय की वेगळं काही ठरलं नसेल तर मिळकत हस्तांतरित झाली की तिच्याबरोबरचे सगळे हक्क आपोआप जातात, आणि घर असेल तर त्यासोबत काय काय जातं याची यादी दिलीये, कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या, आणि घराला कायमच्या वापरासाठी दिलेल्या बाकी वस्तू. लॉक, की, बार, डोअर, विंडो! 1882 साली, राणीच्या राज्यात, कायदा लिहिणाऱ्या इंग्रजांना किल्ली हा शब्द चालला. दीडशे वर्षं होत आली, आमच्या वकिलांना अजून मेस्युएज लागतं.

हा सगळा पसारा आला कुठून, तर थोडा भीतीतून आणि थोडा पैशातून. नॉर्मन आल्यावर कोर्टात फ्रेंच, कागदावर लॅटिन आणि लोकांच्या तोंडात इंग्रजी, त्यामुळे एकच गोष्ट दोन भाषांत लिहायची सवय लागली असं सांगतात, गुड्स अँड चॅटल्स, विल अँड टेस्टामेंट, यातल्या जोडीतला एक शब्द घरचा आणि एक पाहुणा. 1362 साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की कोर्टात बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण लोकांना आपल्या बाजूनं काय बोलतायत आणि विरुद्ध काय बोलतायत तेच कळत नाही. हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. मला तर हे वाचून आपल्या मंत्रालयातल्या मराठीच्या वापराबाबतच्या इंग्रजी ई-मेलची आठवण झाली. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि ती कायद्याची फ्रेंच खरोखर गेली 1733 मध्ये. तोपर्यंत शब्द हाडीमासी खिळले होते.

आणि पैसा असा की कागद जितका लांब तितकी लिहिणावळ जास्त. याच्यावरून 1596 साली लंडनला एक प्रकरण घडलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिचर्ड मिलवर्ड नावाच्या माणसानं चॅन्सरी कोर्टात एकशेवीस पानांचं उत्तर दाखल केलं, कोर्टानं बघितलं तर सोळा पानांत मावेल एवढाच मजकूर. मग शिक्षा अशी झाली की त्या गठ्ठ्याच्या मधोमध भोक पाडा, त्यातून त्याचं डोकं बाहेर काढा, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून तो गठ्ठा गळ्यात लटकू द्या आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये कोर्टं भरलेली असताना बोडक्या डोक्यानं सगळीकडे फिरवा. वर दहा पौंड दंड. मी आमचा चोपन्न पानी ड्राफ्ट हातात घेऊन अंदाज घेतला, भोक पडेल सहज.

जिथून हे शब्द आले तिथले लोक तरी ते सांभाळून बसलेत का? नाही. 1979 मध्ये क्रिसी माहेर नावाच्या बाईनं लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मची रद्दी आणून सगळ्यांसमोर मशीनमध्ये बारीक केली. या बाईंना स्वतःला शाळकरी वय जवळजवळ सरेपर्यंत वाचता येत नव्हतं, म्हणून फॉर्म न कळणं म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यातून प्लेन इंग्लिश कॅम्पेन उभी राहिली. एप्रिल 1999 पासून इंग्लंडच्या दिवाणी कोर्टात प्लेंटिफ, म्हणजे दावा लावणारा, हा शब्द गेला आणि क्लेमंट आला, रिट जाऊन क्लेम फॉर्म आला, सबपीना जाऊन विटनेस समन्स आलं. आभाळ कोसळलं नाही, वकील उपाशी मेले नाहीत. अमेरिकेत 2010 मध्ये सरकारी कागद साध्या भाषेत लिहायचा कायदा झाला. आपण मात्र लग्नात आलेला डिनर सेट जसा वापरायचा नाही आणि टाकायचाही नाही तसे हे शब्द शोकेसमध्ये ठेवलेत, फरक एवढाच की शोकेसवर कोणी सही करत नाही.

बरं कोर्टांनाही आता हे जड जातंय. एप्रिल 2017 मध्ये हिमाचल प्रदेश हायकोर्टाचा एक निकाल सुप्रीम कोर्टात गेला, घरमालक-भाडेकरूचं साधं भांडण, आणि सुप्रीम कोर्टानं तो परत पाठवला, कारण काय, तर निकाल समजतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या जजना समजत नाही! आमच्या काकांनी मग हात वर केला तर त्यात हसण्यासारखं काय होतं.

इथे एक जण हमखास म्हणतो, मराठीत करा म्हणजे प्रश्न मिटला. मला मराठीत हवंच आहे, पण एवढ्यानं मिटत नाही. रजिस्ट्रेशन झाल्यावर जो इंडेक्स टू मिळतो तो मराठीत असतो, एका पानाचा, आणि खरं सांगतो चोपन्न पानांपेक्षा त्या एका पानात जास्त कळतं, कोणी दिलं, कोणी घेतलं, मोबदला किती, बाजारभाव किती, क्षेत्रफळ किती. पण त्याच पानावर एक रकाना आहे, 'आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा'. जुडी म्हटल्यावर माझ्या बायकोला कोथिंबीर आठवली. इनाम जमिनीवर जो कमी दराचा सारा घ्यायचे त्याला जुडी म्हणत. इनामं गेली, जुडी राहिली. म्हणजे मेस्युएज फक्त इंग्रजीतच असतं असं नाही.

आणि उलटही आहे. खरेदीखत हा शब्द घ्या, खरेदी फारसीतून आली, खत अरबीतून आलं, त्यात आपलं जन्मजात काही नाही, पण शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत एकालाही अडत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, त्यातले किती आज कोणाच्या तोंडात आहेत आणि जमीन, दस्त, शिक्का कसे टिकलेत ते बघा. शब्द परका की घरचा, जुना की नवा, याच्याशी मला घेणं नाही. सही करणाऱ्याला कळतो का, एवढंच विचारायचंय. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की ज्या कागदावर सामान्य माणूस आयुष्यात एकदा-दोनदा सही करतो, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, कन्व्हेयन्स, भाडेकरार, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, त्याचे सरकारी नमुने साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत काढा, आणि इंडेक्स टू जसा सही झाल्यावर मिळतो तसा एक पानी सारांश सहीच्या आधी हातात पडू द्या, रजिस्ट्रेशन ऑफिसमध्ये टोकन नंबर ओरडत असताना नाही, आठ दिवस आधी, घरी. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स', म्हणजे सगळ्यांना कळावं की, असं लिहिलेलं असतं, त्यात प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू नाहीत, 'हा कागद' एवढाच अर्थ आहे, आणि म्हातारी माणसं त्या ओळीखाली अंगठा उठवून अख्खं घर दुसऱ्याच्या हाती देतात. फोटो काढतात, बोटाचा ठसा घेतात, दोन साक्षीदार आणायला लावतात, सगळी ओळख पटवतात, फक्त कागद कळला का हे कोणी विचारत नाही.

परवा, म्हणजे गेल्या परवा, दुसरी मीटिंग झाली. वकीलसाहेब स्वतः आले होते. मेसेज बघून त्यांना हसू आलं, स्वच्छ मनानं म्हणाले हो चुकलंच, मेस्युएज करून देतो. मी म्हटलं करू नका, काढूनच टाका, आणि कलम 8 पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग म्हणाले काढतो, पण विटनेसेथ राहू द्या, ते नसलं तर समोरची पार्टी म्हणेल हा डीडच दिसत नाही. आता विटनेसेथ म्हणजे 'साक्ष देतो', त्यातलं ते शेवटचं एथ शेक्सपिअरच्या काळातच बोलण्यातून जायला लागलं होतं, पण ठीक आहे, एका मीटिंगमध्ये किती भांडणार. मराठी सारांश ते देणार आहेत, त्याचे पैसे वेगळे.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. म्हणाले, गावच्या जमिनीच्या खरेदीखतात असतं ना, जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप यांसह, ते मराठी पानावर घाला. वकील म्हणाले अहो आता तुम्हीच जुनं घालायला सांगताय. काका म्हणाले जुनं असेना, कळतं ना, पाणी झाडं गवत लाकूड दगड, आणि पार्किंगखाली हंडा निघाला तर तो सोसायटीचा, बिल्डरचा नाही. यावर सेक्रेटरींनी सांगितलं की जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि ते दहा रुपयांच्या वर असलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. काका खाली बसले. म्हणाले, मग निधी निक्षेप काढा, जल तरू तेवढं राहू द्या.